अकरा नंबरची पेटी

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष, म्हणजेच मधमाशी पैदास केंद्राच्या नव्या संचालक मॅडम, व्यासपीठावरील पाहुणेमंडळी, आज आपण ज्यांना निरोप देत आहोत ते आमचे काका, आणि समोर बसलेल्या मधपाळ भगिनी-बंधूंनो,

वार्ताहराला भाषणाला उभं करणं ही जोखीम असते. दुसऱ्यांची भाषणं अर्ध्यावर सोडून चहाकडे सटकायची आम्हाला सवय. आज चहा माझ्या भाषणानंतर ठेवला आहे, यावरून संयोजकांची दूरदृष्टी ध्यानात यावी.

मी संस्कृतचा विद्यार्थी. आमच्या कोशांत मधुकर, षट्पद, द्विरेफ अशी नावांची रेलचेल आहे. पण गरीब स्वभावाच्या माशीसाठी एक शब्द सापडेल तर शपथ. असणार कसा? तशी माशी कुणी पाहिलीच नव्हती. ती काकांनी बावीस वर्षं खपून घडवली.

कशी घडवली? दर वसंतात काळ्या चामड्याचा तळहाताएवढा तुकडा दोरीला बांधून पेटीच्या दाराशी मिनिटभर हलवायचा आणि त्यात रुतलेल्या नांग्या मोजायच्या. पाचाच्या आत असतील आणि मधही भरपूर असेल, तर त्या राणीच्या लेकी पुढे वाढवायच्या. जास्त असतील तर राणी ‘काढायची’. हा काकांचा शब्द. म्हणजे अंगठा आणि तर्जनीत धरून चिरडायची. काका आकडा सांगत, काकू कार्डावर लिहीत. बावीस वर्षांचा हा संसार!

तीन वर्षांपूर्वी काकूंनी अंथरूण धरलं. त्यांच्या खिडकीखालीच अकरा नंबरची पेटी. त्या पेटीत नवी राणी आली होती. मध सगळ्यांत जास्त, डोकं सगळ्यांत गरम. काका म्हणायचे, “ही तुझ्यावर गेलीय.”

“म्हणून तर भरभरून देते,” काकू आतून म्हणायच्या. “तुमच्या त्या सोज्वळ सात नंबरनं काय दिवे लावलेत ते सांगा!”

परीक्षेच्या दिवशी मी बातमीसाठी गेलो होतो. काकूंना बसवत नव्हतं, म्हणून कार्ड माझ्या हातात आलं. काकांनी तुकडा हलवला, उलटा केला, नांग्या मोजल्या. मीही मोजल्या. खिडकीतून आवाज आला, “किती हो?”

काकांनी खिडकीकडे पाहिलं.

“तीन,” ते म्हणाले.

“बघा! आणि मला नावं ठेवत होता!” काकू हसल्या. हसता हसता त्यांना धाप लागली.

मी तीन लिहिलं. वर ‘तापट पेटीही निवळली’ अशी बातमी छापली. तिच्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती, एवढंच म्हणता येईल.

आठ दिवसांनी काकू गेल्या. काकांनी ती राणी काढली नाही. मीही विचारलं नाही. विचारायला तोंड कुठून आणणार?

पुढचं आपण भोगलंत. तरुण राण्या उडतात, हवेत भेटतील त्या नरांशी जमतात आणि परतून आयुष्यभर अंडी घालतात. त्या वर्षी हवेत अकरा नंबरचे नर होते. तिसऱ्या रांगेतल्या मधपाळ वहिनींनी माझी बातमी वाचून इथल्या राण्या नेल्या. वर्षभरात त्यांच्या माशांनी शेजारच्या दारात कुणाला उभं राहू दिलं नाही. वहिनींना पेट्या बंद कराव्या लागल्या. चौकशी बसली, तेव्हा काका आपणहून उठले आणि म्हणाले, “कार्ड खोटं आहे.” बावीस वर्षांचा वंश बाद झाला. मुदतीआधी दोन वर्षं ते आज निघाले आहेत.

चौकशीत मॅडमनी विचारलं होतं, “हे अक्षर कुणाचं?” काका म्हणाले, “आकडा माझा. लिहिणाऱ्याला नांग्या मोजता येत नाहीत.”

येतात, मॅडम. एकोणीस होत्या.

काकांनी आज दारात कुणाशीच हात मिळवला नाही, अशी कुजबुज मी ऐकली. कृपया गैरसमज नसावा. अकरा नंबरची राणी उद्या मॅडम काढणार होत्या. काकांनी आज सकाळी ती स्वतः काढली. मी कार्ड घेऊन शेजारी उभा होतो. “लिही,” म्हणाले, “आणि खरं लिही.” तो उजवा हात त्यांनी अजून धुतलेला नाही. खिशात आहे.

संयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असल्यास पोटात घाला, असं शेवटी म्हणायचं असतं. आज बोलण्यात काही चुकलेलं नाही. तीन वर्षांपूर्वी लिहिण्यात चुकलं. त्याची क्षमा मागतो.

वहिनी, आधी तुमची.