मी लावलेले ढग

हे कुणाला सांगायचं नाही, असं दादाने बजावलं होतं, तरी सांगते. कॉम्प्युटरवरच्या विमानाच्या खेळात त्याने खऱ्यासारखं हवामान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. मला वादळात विमान उतरवायचंच होतं, म्हणून मी स्वतः काळे ढग लावले.

बाबांनी ते पाहिलं. "हे आभाय कोठचं हाय?"

"नागपूरचं, आत्ताचं," दादाने थाप मारली.

बाबांनी लगेच अंगणातल्या कापसावर ताडपत्री टाकली. शेजारचे काका हसले, "भाऊ, एवढ्या उन्हात कायले झाकून राह्यला गा?"

संध्याकाळी खरंच पाऊस आला आणि काकांचाच कापूस भिजला. आमच्या कॉम्प्युटरवर पाऊस आधीच दिसतो, असं बाबांनी त्यांना सांगितलं. तेव्हापासून काका रोज मला विचारून कापसाची वेचणी ठरवतात. पण आज मी सांगणारच. सरळ म्हणणार, "काका, त्या दिवशीचे ढग तर मीच..."

तेवढ्यात अंगणातून बाबांनी हाक मारली, "ये वो पोरी, काका आले! आभाय सांग त्यायले!"