चढावर घसरणारा क्लच

डेल्बर्ट : मोठं इंजिन बसवायला माझी ना नाही, वर्ना. पण क्लच आहे तसाच ठेवून नाही बसवणार.

वर्ना : क्लचचं मी बोललेच नाही. मोटरसायकल बिगहॉर्नचा घाट चढत नाही, म्हणून इंजिन मोठं कर म्हटलं.

डेल्बर्ट : चढत नाही म्हणजे नेमकं काय होतं?

वर्ना : शेवटच्या वळणावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं. गाडी हलेना. मग मागे सरकायला लागली. मागे लाकडांचा ट्रक.

डेल्बर्ट : म्हणजे जोर आहे, तो चाकापर्यंत पोचत नाही. क्लच घसरतोय. वर आणखी जोर लादलास, तर आणखी घसरेल. दर वेळी ट्रकवाला थांबेलच असं नाही.

वर्ना : घाबरवू नकोस. बर्फ पडायच्या आत मला लेकीकडे पोचायचंय. दिवस भरत आलेत तिचे.

डेल्बर्ट : सामान किती नेतेस?

वर्ना : एक पिशवी.

डेल्बर्ट : आणि मागे कोण बसतं?

वर्ना : ऑरिन गेल्यावर कोण बसणार? लग्न झाल्यापासून तोच मागे बसून घाटभर मला शहाणपण शिकवायचा.

डेल्बर्ट : ह्या क्लचप्लेटा बघ. त्याच्या दफनानंतर मीच नव्या घातल्या. काळ्या पडल्यात. मागच्या फूटरेस्टचं रबरही तेव्हाच बदललं होतं. तेही झिजलंय.

वर्ना : हलका माल घातला असशील.

डेल्बर्ट : असेल. पण खोलायच्या आधी मी गाडी खाणीच्या चढावर नेली होती. ऑरिनची घंटा अजून खाली लटकत होती. आम्ही मित्रांनी दिलेली, रस्त्यावरची भुतं लांब ठेवायला. माणूस गेला की ती काढतात, नाहीतर तो गाडी सोडत नाही, हे तुलाही ठाऊक आहे. मी काढली. गाडी सरळ वर गेली, आणि मी तुझ्या दीडपट जाड.

वर्ना : मग?

डेल्बर्ट : मग वाटलं, तुला न विचारता काढायला नको होती. परत टांगली. पुन्हा चढावर गेलो. कुणी बसावं तसे मागचे शॉकअप दबले, क्लच घसरला. मी मागे वळून बघितलं नाही, वर्ना.

वर्ना : बरं केलंस.

डेल्बर्ट : घंटा काढलीस, तर नव्या प्लेटा पुरतील. इंजिनलाही हात लावायला नको. ठेवलीस, तर दोन माणसांचं वजन धरून क्लच दणकट करावा लागेल. स्प्रिंगा कडक होतील. तुझी बोटं आधीच आखडलेली, घाटभर तो दाबत राहणं सोपं नाही.

(वर्ना डाव्या हाताचा मोजा काढते. बोटं मिटून पाहते, पुन्हा उघडते.)

वर्ना : दोघांचा कर.

डेल्बर्ट : नीट विचार कर. घाट उतरताना बोटं आखडली, तर मदतीला मी तिथे नसेन.

वर्ना : माहीत आहे.

डेल्बर्ट : मागचे फूटरेस्ट?

वर्ना : नवे लाव. डावा जरा पुढे घे, आणि खाली. त्याचा गुडघा वाकत नाही.