पांढऱ्या पेशी आणि माझ्या कोटाचा खिसा

...नाही, पण चूक माझी कशी? तुम्हीच सांगा! एवढ्या थंडीत जिवंत रक्त कुणी बर्फात ठेवतं का? तुम्हाला सांगतो, मी आपला नॉर्मल माणूस! हे मी नाही म्हणत, पुतणी म्हणाली. संशोधन करते ती. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात ना, त्यांच्यात म्हणे एक एन्झाइम असतं, हेक्सोकायनेज. साखर आली की पहिला हात त्याचा, मग पुढं तिची शक्ती होते. आजाऱ्यांमध्ये ते मंदावतं का, हे ती शोधतेय. पण मंदावलं हे कळायला शेजारी धडधाकट माणूस नको? "काका, मला एक नॉर्मल माणूस हवाय." तर आमची ही आतून, "मग यांच्याकडे कशाला आलीस?"

घ्या! घरचा आहेर!

तर सकाळी तिनं रक्त काढलं, नळी बर्फाच्या डब्यात ठेवली आणि म्हणाली, "मी दवाखान्यातून पेशंटांचं रक्त आणते, तुम्ही एवढं प्रयोगशाळेत पोचवा." निघालो. वाटेत डबा उघडून बघतो तर... बिचाऱ्या पेशी! जन्मभर माझ्या अंगात उबेला राहिलेल्या, आणि आता बर्फात? माया असते की नाही माणसाला? काढली नळी, ठेवली कोटाच्या आतल्या खिशात, छातीशी! मग मित्र भेटला, चहा झाला, गप्पा झाल्या... आणि प्रयोगशाळेच्या दारात नळी गुपचूप परत डब्यात.

संध्याकाळी पुतणीचं तोंड एवढंसं. "काका... तुमचं एन्झाइम पेशंटांपेक्षाही कमी आलंय हो."

पायाखालची जमीन सरकली! मी आपला नॉर्मल माणूस, आणि हे काय भलतंच? खरंच घाबरलो हो.

पण ही! अहो, हीच बाई माझ्या पायांवर शाल घालतेय! "उठू नका, भाजी मी आणते. आणि हा रिमोट राहू द्या तुमच्याजवळ." रिमोट! सासूबाईंनी तर स्वतःची उशी दिली! इतकं कौतुक माझं लग्नातसुद्धा झालं नव्हतं.

पण पुतणी हुशार, आमच्याच घराण्यातली. "काका, डबा उघडला होता का?" मी खोटं बोलत नाही, नुसता विषय बदलतो. पण बदलू देईल तर ना! सांगितलं शेवटी. तिनं कपाळावर हात मारला. "अहो काका, उबेत ते टिकत नाही! म्हणून तर बर्फ!"

शाल गेली. उशी गेली. रिमोटसुद्धा!

काल परत रक्त, परत डबा, परत मीच. या वेळी डब्याला चिकटपट्टी! पोरीचा विश्वास बघा... पण चिकटपट्टी निघते हो. वाटेत थांबलो, नळी हातात घेतली. खिसा होता, ऊब होती, शाल डोळ्यांपुढे होती... पण पोरीची मेहनत? ठेवली नळी परत बर्फात.

रिपोर्ट नॉर्मल! ही लगबगीनं आत गेली. डोळे पुसताना पाहिलं मी, तुम्हाला सांगतो, बरं वाटलं. बाहेर आली ती मात्र हातात दोन पिशव्या घेऊनच.

"नॉर्मल आहात ना? मग बटाटे आणा."

आणतो! न आणून सांगतो कुणाला... मी आपला नॉर्मल माणूस!