दोडक्याच्या वेलावरची चप्पल

नजर लागते का नाई, हे मले नका विचारू बुवा. आम्ही चिखलीले नव्या घरात राहाले आलो, तवा आंगणात नुसता मुरूम होता. मी दोन ट्रॉल्या काळी माती टाकली, शेणखत कालवलं, आळे केले अन् दोडका लावला. शेजारच्या वानखेडेकाकूबी त्याच महिन्यात राहाले आल्या. त्यांनी काईच केलं नाई. कुंपणापाशी चार बिया टोचल्या अन् भांड्याचं पाणी तिकडं सोडून देल्लं.

माझा वेल हातभर वाढून थांबला. त्यांचा कुंपणावर चढून दोडक्यांनी लदबदून गेला. मी रोज सकाळी दात घासत तिथंच उभा राहो अन् माझ्या पोटात दुखे. मनात म्हणो, कीड तरी लागावी एखादी.

एक दिवस पाह्यतो, तं त्या वेलाले एक जुनी चप्पल टांगेल होती. जवळ जाऊन पाह्यलं. तिचा अंगठा मीच शिवून आणेल होता.

"काकू, हे चप्पल माझी हाय."

"तुमचीच हाय भाऊ," काकू दोडके तोडता तोडता बोलल्या. "तुमच्या घरच्यांनीच देल्ली. ज्याची नजर, त्याचीच चप्पल टांगा लागते."

मी तणतणत घरी आलो अन् बायकोले विचारलं, "जोडीतली दुसरी कुठी हाय?"

"थे राहू द्या जागेवर," बायको म्हणे. "त्यांचं कारलंबी फुलावर आलं हाय."