पाटलाची तब्येत

मार्केटिंगचं नाव काढू नका, मला आमचा लातूरचा साडू आठवतो. दुकानातली बरी नोकरी सोडली अन् म्हणे, "आता मी फोरमवर मार्केटिंग करून राहिलो."

म्हणजे काय, तर शेतकऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर एका नावानं प्रश्न टाकायचा, दुसऱ्या नावानं उत्तर द्यायचं, अन् उत्तरात गिऱ्हाइकाच्या दुकानाची तारीफ करायची. याला हा माणूस धंदा म्हणायचा, तेही कॉलर ताठ करून.

माझंच डोकं फिरलं होतं. लोह्याला माझ्या मावसभावाचं ठिबकच्या पाइपांचं दुकान हाय, त्याचं काम मीच याच्या हवाली केलं.

एक दिवस साहेब नाव बदलायलाच विसरले. पाटील नावानं विचारलं, "लोह्यात ठिबकचा चांगला पाइप कुठं मिळंल?" पाटलानंच दुकानाचं नाव सांगितलं, "डोळे झाकून घ्या." वर पाटलानंच पाटलाचे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी मावसभावाचा फोन आला. साडू शेजारीच होता, म्हणून मी स्पीकर लावला.

"दादा, सकाळपासून दुकानात लोक येऊन राहिले."

साडू फुगला. "बघा, याला म्हणतात मार्केटिंग. किती पाइप गेला?"

"फूटभर न्हाई. ते पाटलाचा पत्ता विचारून राहिले. म्हणतात, बिचारा एकटाच बोलून राहिला, त्याला नांदेडला चांगल्या डॉक्टरला दाखवून आणू."