ओल्गाची खिडकी

ग्लॉस्टरच्या वाचनालयात एका दिवंगत चित्रकाराच्या रात्रीच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. रांगेत माझ्यापुढे त्याची विधवा हेस्टर आणि तिची धाकटी बहीण. मी काही कानात बोळे घालून गेले नव्हते.

“ताई, समुद्रावर चांदणं कसं गार उतरलंय बघ!”

“चांदणं राहू दे. ती पिवळी खिडकी बघ. प्रत्येक चित्रात ओल्गाचीच.”

“शेजारीण ती, दिसणारच.”

“मला चाळीस वर्षं अंधारात बसवलं. दिवा लावला की म्हणायचा, ‘विझव, चांदणं दिसत नाही.’ तिचा बरा चालला!”

“लोकाच्या बायकोला विझव कसं म्हणणार?”

“म्हणावंसं वाटलंच नाही त्याला.”

“जाऊ दे. घरातलं शेवटचं चित्र वाचनालयाला देतेस ना आज?”

“उद्या देते. त्याचा काळा रंग अजून शिल्लक आहे. आधी तिचा दिवा विझवते.”