मास्तरांचा नकार आणि माझी नोकरी

आदरणीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे मान्यवर, आपल्या प्रकल्पाची धुरा आज खाली ठेवणारे मास्तर, त्यांच्या शेजारी बसलेल्या काकू आणि सभागृहातल्या मित्रमैत्रिणींनो,

मास्तरांचे गुण सगळे सांगतीलच. मी त्यांच्याशी झालेलं भांडण सांगते. काकूंची परवानगी काढली आहे.

मी जन्मापासून दृष्टिहीन. पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारी नोंदवते. पडद्यावरचा मजकूर मला वाचून दाखवतो तो मास्तरांनी आणि तुम्ही घडवलेला प्रोग्रॅम. मुक्त सॉफ्टवेअर, कुणीही उघडून पाहावं, दुरुस्त करावं, दुसऱ्याला द्यावं. सहा वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयानं एका कंपनीचं बंदिस्त सॉफ्टवेअर घेतलं आणि त्याच्यापुढे आपला प्रोग्रॅम मुका झाला. साहेबांनी महिन्याची मुदत दिली. नाही जमलं तर दारातल्या चौकशीच्या टेबलावर बसा म्हणाले. तिथं काम काय, तर आल्यागेल्याला जिना दाखवायचा. तो मी स्वतः कधी पाहिलेला नाही, ही गोष्ट वेगळी!

मी मास्तरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरळ नाही म्हणाले. बंदिस्त सॉफ्टवेअरला आपणच हात दिला तर लोक मुक्त सॉफ्टवेअरकडे वळतील कशाला? कंपनीनं चुका करायच्या, आपण फुकट निस्तरायच्या, वर तिचाच माल खपवायचा? यात चूक काय होतं, सांगा बरं? मला तेव्हाही काही सापडलं नाही. पण तत्त्व त्यांचं होतं आणि नोकरी माझी जात होती.

मी एवढंच म्हणाले, "मास्तर, ते सॉफ्टवेअर मी निवडलेलं नाही. मग शिक्षा मला का?"

 एवढं बोलून मी उठून आले.

तिसऱ्या दिवशी ते माझ्या कार्यालयात आले आणि शेजारी खुर्ची ओढून बसले. ज्या सॉफ्टवेअरला जन्मात हात लावला नव्हता, त्याच्यासमोर अकरा दिवस बसले. कुरकुर अखंड चालू होती. अकराव्या दिवशी माझ्या कानात पहिली तक्रार वाजली, तीन दिवस नळाला पाणी नाही. तिकडे नळ कोरडा आणि इकडे माझ्या डोळ्यांना खळ नाही.

यावरून प्रकल्पातले दोघं रागावून निघून गेले. वर्षभरानं कंपनीनं आतली रचना बदलली आणि आमचा प्रोग्रॅम पुन्हा मुका. 'मी सांगत नव्हतो?' असं म्हणायचा मास्तरांना पुरता हक्क होता. ते म्हणाले नाहीत. दुरुस्ती केली आणि तडक साहेबांच्या खोलीत गेले. यापुढे खरेदीच्या करारात एक अट घाला, वाचून दाखवणारा कुठलाही प्रोग्रॅम जोडता आलाच पाहिजे, असा आग्रह धरून बसले. साहेबांनी ती घातली. थोडी पटली म्हणून, थोडी मास्तर उठावेत म्हणून. पुढे आणखी चार कार्यालयांनी तीच अट उचलली.

त्या दिवशी जिना उतरताना मी विचारलं, मग तुमचं मत बदललं का? मास्तर म्हणाले, "मुळीच नाही. दार बंद करणाऱ्याशी मी भांडणारच. पण दाराबाहेर उभ्या असलेल्याशी भांडत होतो, ते चुकलं."

आज मी तक्रार विभाग सांभाळते. पुढच्या महिन्यात आणखी एक दृष्टिहीन मुलगी तिथं रुजू होते आहे. पहिल्याच दिवसापासून तिचा पडदा बोलेल, आणि त्यासाठी कोण कुणाशी भांडलं हे तिला ठाऊकही नसेल. मास्तर, तुमचं काम झालं ते हे.

अध्यक्षबाईंनी दोनदा घंटी वाजवली. ऐकू आली नाही असं मला म्हणता येत नाही, माझे कान फार चांगले आहेत. तुम्ही इतकं शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला.